गिधाड, औषधाचं दुकान आणि व्याजाचा दर



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला तो असा: वन्यजीवशास्त्र, प्रयोगशाळा आणि अर्थशास्त्र या तिन्हींतून एक करिअर कसं घडतं. पत्रिकेवर छापूनही झाला आहे, तेव्हा आता माघार नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मी प्राणिशास्त्र शिकले, काही वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे काप पाहिले आणि पुढे नैसर्गिक संसाधनांच्या अर्थशास्त्राकडे वळले. माझी गोष्ट एवढीच आहे. तिच्यावर तासभर बोलणं म्हणजे तुमच्या सौजन्याचा गैरफायदा. म्हणून आज एका पक्ष्याबद्दल बोलते. या तीन विद्यांचं एकमेकींशी नेमकं काय नातं असतं ते मला पुस्तकांपेक्षा त्या पक्ष्याकडून जास्त कळलं.

तो पक्षी म्हणजे गिधाड. नाव घेतल्यावर दोघातिघांनी नाक मुरडलेलं दिसलं. हरकत नाही. वाघावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत.

सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या लोकांना आठवत असेल, मेलेली गुरं टाकायची गावाबाहेरची एक जागा असायची. तिथे ढोर पडलं की आकाशात घिरट्या सुरू व्हायच्या आणि बघता बघता हाडं तेवढी उरायची. कातडं आधीच काढलेलं असे, हाडं गोळा करणारा नंतर येई. या सगळ्याला अर्थशास्त्रज्ञ ‘निसर्गाची मोफत सेवा’ म्हणतात. मला तो ‘मोफत’ शब्द टोचतो. ढोर तिथपर्यंत ओढून नेलं कोणी? गावगाड्यानं ते काम कोणावर लादलं होतं, हे महाराष्ट्रात तरी सांगावं लागू नये. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत जनावराचं मांस सोडून द्यायला सांगितलं, ते याच व्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी. तेव्हा कुठल्याही सेवेला ‘मोफत’ म्हणण्याआधी ती कोणाला मोफत पडते, हे विचारायची सवय लावून घ्यावी. असो. पक्ष्याकडे वळू.

राजस्थानात भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे १९८०च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५०च्या आसपास जोड्या तिथे घरटी करायच्या. दहाएक वर्षांनी ते पुन्हा गेले तेव्हा झाडांवर, झाडांखाली मेलेली गिधाडं दिसू लागली. जिवंत होती त्यांतली कित्येक मान खाली टाकून, झोपेत पेंगल्यासारखी बसलेली. शतक संपताना तिथली वसाहत जवळजवळ संपली होती.

एका उद्यानातली गोष्ट म्हणून ती सोडून देता आली असती. तसं झालं नाही, कारण एक जुनी वही होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सोसायटीनं देशभर रस्त्यांवरून गाडीनं फिरून शिकारी पक्षी मोजले होते. ती मोजणी काही गिधाडांसाठी नव्हती. घार, ससाणा, गरुड, जे दिसेल ते लिहायचं, एवढंच काम. २००० साली आणि नंतर आणखी काही वेळा त्याच रस्त्यांवरून, त्याच पद्धतीनं मोजणी झाली. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून एक उरली होती. लांब चोचीची, म्हणजे आपल्या कड्यांवर घरटी करणारी, शंभरातली तीन.

हजारात एक! जंगलात फिरून पक्षी मोजणाऱ्याला आपल्याकडे हौशी माणूस समजतात. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्याला लग्नाच्या बोलणीतसुद्धा विचारला जातो. उपयोग हा असा. ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी उपयोग ठाऊक नव्हता. दहा वर्षांनी कळला, आणि तो कळावा म्हणून कोणीतरी दहा वर्षं आधी मोजून ठेवावं लागतं.

पण गिधाडं मेली हे मोजणीनं सांगितलं. कशानं मेली हे ती सांगू शकत नव्हती.

म्हणून गोष्ट प्रयोगशाळेत आली. पहिला संशय साथीच्या रोगावर होता, आणि तो रास्त होता. मरतुक एकदम, सगळीकडे आणि एकाच कुळातल्या पक्ष्यांमध्ये. कुठल्याही पशुवैद्याच्या मनात आधी विषाणूच येईल. आपल्या पुण्यातही कोंबड्यांच्या रोगांचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत या पक्ष्यांचं शवविच्छेदन झालं, विषाणूचा शोध झाला. अडचण होती ताज्या मृतदेहांची. एप्रिलच्या उन्हात झाडाखाली पडलेला पक्षी काही तासांत सडतो. सडलेल्या मूत्रपिंडातून काय वाचणार?

त्याच सुमारास पाकिस्तानी पंजाबात एक गट काम करत होता. त्यात लिंडसे ओक्स होते, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाला ताजे पक्षी मिळाले. पोट उघडल्यावर हृदयावर, यकृतावर पांढरी पूड साचलेली दिसली. ते युरिक आम्ल. पक्ष्यांची मूत्रपिंडं बंद पडली की असं होतं. मग ती बंद कशानं पडली? विषाणू शोधले, जिवाणू शोधले, शिसं, पारा, कीटकनाशकं, सगळं तपासलं. काही सापडेना.

इथून पुढे जे घडलं तो माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून जरा रेंगाळते.

प्रयोगशाळेत उत्तर मिळत नाही तेव्हा प्रयोगशाळेतला माणूस साधारण काय करतो? आणखी महागडं यंत्र मागतो. मीही तेच केलं असतं. या मंडळींनी वेगळं केलं. गिधाड काय खातं? मेलेली गुरं. गुरांना मरण्याआधी काय दिलं जातं? औषधं. कोणती? हे यंत्राला विचारून कळणार नव्हतं. ते जनावरांचे डॉक्टर आणि औषधांचे दुकानदार यांना विचारायचं होतं. त्यांनी विचारलं: तुमच्याकडे गुरांसाठी जास्त काय खपतं, आणि त्यातलं मूत्रपिंडाला घातक काय? एक नाव पुढे आलं, डायक्लोफेनॅक. आपल्याही घरातल्या डब्यात असतं, गुडघेदुखीसाठी. जनावरांसाठी ते अलीकडेच बाजारात आलेलं होतं आणि भलतंच स्वस्त होतं. मग साठवलेले नमुने पुन्हा काढले. ज्या २५ पक्ष्यांमध्ये ती पांढरी पूड होती, त्या २५च्या २५ मध्ये औषधाचा अंश मिळाला. ज्या १३ मध्ये पूड नव्हती, त्यांच्यापैकी एकातही नाही. पुढे औषध दिलेल्या जनावराचं मांस पक्ष्यांना खाऊ घालून तीच लक्षणं पाहिली. २००४ साली ‘नेचर’मध्ये निबंध आला आणि प्रश्न मिटला.

आता सांगा, ‘बाजारात स्वस्त काय झालंय?’ हा प्रश्न कोणत्या विषयाचा? सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्या अभ्यासक्रमात तो आहे? तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो विचारला एका प्रयोगशाळेतल्या माणसानं. त्याच्याकडे अर्थशास्त्राची पदवी नव्हती. फक्त आपल्या विषयाचं कुंपण जिथे संपतं तिथे प्रश्न संपत नाही, एवढं त्याला कळत होतं.

शेतकऱ्याला इथे खलनायक करू नका. बैल लंगडतोय, म्हशीची कास सुजली आहे, औषधानं तिला दोन दिवसांत आराम पडतो आणि खर्च परवडतो. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? आणि प्रत्येक ढोर विषारी होतं असंही नाही. ऱ्हीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं की शंभर मृत जनावरांत एकापेक्षाही कमी जनावरात हे औषध असलं, तरी एवढी मोठी पडझड होऊ शकते. असं कसं? गिधाडं घोळक्यानं एकाच ढोरावर उतरतात. शिवाय मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचएक वर्षं लागतात. खर्च वाढला आणि जमा इतकी संथ, तर शिल्लक संपायला वेळ लागत नाही.

२००६ साली भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचं उत्पादन बंद झालं. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम हे औषध तोवर चाचण्यांतून पुढे आलं होतं. झालं ना काम? नाही झालं. माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक मोठ्या बाटल्यांत मिळत होतं आणि तेच गुरांना टोचलं जात होतं. हे कळलं तेही दुकानात जाऊनच. अभ्यासकांची माणसं साधी गिऱ्हाइकं होऊन काउंटरवर गेली, ‘गाईसाठी दुखण्याचं इंजेक्शन द्या’ म्हणाली, आणि समोर काय ठेवलं जातं ते टिपून आली. त्यानंतर २०१५ साली माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. माणसाला तेवढी पुरते, म्हशीसाठी मात्र अशा कितीतरी फोडाव्या लागतात. बंदीच्या कागदानं जे पुरतं साधलं नाही, त्यासाठी बाटलीचा आकार कामी लावला. संसाधनांचं अर्थशास्त्र म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर मी ती ३ मिलिलिटरची कुपी दाखवते.

मोठे आकडे त्यानंतर आले. २००८ साली अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: गिधाडं गेली, मांस कुत्र्यांना मिळालं, कुत्री वाढली, चावे वाढले, आणि रेबीजनं सुमारे ४८,००० माणसं जास्तीची दगावली असावीत. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा निबंध ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. त्यांनी दोन प्रकारचे जिल्हे घेतले, जिथे गिधाडांना राहायला सोयीचं होतं ते, आणि जिथे ती मुळातच फारशी नव्हती ते. औषध स्वस्त होण्याआधी दोन्हीकडचे मृत्युदर सारखेच चालले होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत ते चार टक्क्यांहून अधिक वाढले. २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे १ लाख जादा मृत्यू. त्याची किंमत त्यांनी लावली वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर.

या शेवटच्या आकड्यावर वाद घालता येतो. माणसाच्या जिवाची किंमत लावायची पद्धत अर्थशास्त्रात रूढ आहे, पण ती मला अजून अंगवळणी पडलेली नाही. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीवर जातं. गिधाडांना सोयीचे जिल्हे कोणते, हे या अर्थशास्त्रज्ञांना कशावरून कळलं? पक्षीतज्ज्ञांनी आखलेल्या अधिवासाच्या नकाशांवरून. म्हणजे जगातल्या एका अत्यंत प्रतिष्ठित अर्थशास्त्रीय नियतकालिकातला निबंध, त्याच त्या दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या ‘हौशी’ लोकांच्या टिपणांवर उभा आहे.

आणि एक कडू गोष्ट. हा आकडा २०२४ साली आला. गिधाडं त्याआधी पंचवीस वर्षं मरत होती. ‘निसर्गाची किंमत लावा, मग लोक तो वाचवतील’ असं हल्ली परिषदांतून ऐकू येतं. किंमत लागेपर्यंत पक्षी थांबत नाही. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवत आला; गिधाडांअभावी तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. आपलं नुकसान कळायला त्यांना कुठलाही निबंध वाचायची गरज पडली नाही.

अर्थशास्त्र मग कशासाठी? किंमत सांगण्यापेक्षा कारण सांगण्यासाठी. इथे एक वळसा घेते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कॉलिन क्लार्क हे शुद्ध गणिताचे प्राध्यापक होते. ते देवमाशांच्या शिकारीच्या प्रश्नाकडे वळले. तोवर सर्वांची समजूत अशी होती की समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, म्हणून देवमासे संपतात. एकच मालक असता तर त्यानं जपून वापरले असते. १९७३ साली क्लार्क यांनी दाखवलं की तसं असेलच असं नाही. देवमासे वर्षाला काही थोड्या टक्क्यांनी वाढतात. बँकेतला पैसा त्याहून जलद वाढत असेल आणि शिकार स्वस्तात होत असेल, तर नफाच बघणारा शहाणा मालक काय करील? सगळे मारील आणि पैसे बँकेत ठेवील! लोभ नको, अज्ञान नको, बेशिस्त नको. नुसता व्याजाचा दर पुरे. मी त्यांचा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा सरळ कागद घेऊन गणित करून पाहिलं. बरोबर निघालं. जीवशास्त्रात वाढीचा दर शिकले होते, तो व्याजाच्या दराशी एकाच समीकरणात बसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता घराजवळचं उदाहरण, आणि इथे मात्र तिन्ही वाटा बऱ्याच अंशी एकाच माणसानं चालल्या. माधव गाडगीळ. फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र, मुंबईत प्राणिशास्त्र, हार्वर्डला गणिती परिसरशास्त्र. वडील धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, गोखले संस्थेचे पहिले संचालक, त्यामुळे अर्थशास्त्र घरातच होतं. हार्वर्डहून परतल्यावर माधवराव पुण्यात वा. द. वर्तकांबरोबर देवराया पाहत फिरले आणि मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथे १९७०च्या दशकात कर्नाटक सरकारनं त्यांच्याकडे बांबूचा प्रश्न दिला. बुरूड समाजाची तक्रार होती की कागद गिरण्या बांबू संपवत आहेत. गिरण्यांचं म्हणणं, गावकरी आणि त्यांची गुरं संपवत आहेत.

गाडगीळ आणि सहकारी कारवार भागातल्या बांबूच्या बेटांत गेले. बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते. ती साफ केली की बांबू चांगला वाढतो, असं वनखात्याचं शास्त्र होतं, आणि तोडायलाही ते सोयीचं. गावकरी म्हणत होते, काटे काढले की कोवळे कोंब गुरं, माकडं, साळिंदरं खाऊन टाकतात. बेटं वर्षानुवर्षं मोजली. गावकऱ्यांचं बरोबर निघालं. हे झालं जीवशास्त्र. पण गिरणी बेटं ओरबाडत का होती? याचं उत्तर बेटात नव्हतं, करारात होतं. बाजारात बुरुडाला हजारोंच्या भावानं पडणारा बांबू गिरणीला दीड रुपया टनानं मिळत होता. दीड रुपया टन! ज्याची किंमतच नाही ते जपून कोण वापरील? एक जंगल संपलं की पुढचं. जीवशास्त्रज्ञ काट्यांपाशी थांबला असता तर अहवालात लिहिलं असतं: ‘काटे काढू नयेत.’ अर्थशास्त्रज्ञ एकटा गेला असता तर लिहिलं असतं: ‘दर वाढवा.’ दोन्ही अर्धवट.

तेव्हा इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्याहून काळजीत असलेल्या पालकांनी, यातून काय घ्यावं? तीन पदव्या घ्या, असं मी म्हणत नाही. तीन अर्धे मिळून एक पुरा माणूस होत नाही. एक विद्या अशी हवी की तिच्यात तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही. बाकीच्या दोन इतक्या याव्यात की त्यांतल्या माणसाला नेमका प्रश्न विचारता येईल आणि त्याच्या उत्तरात कुठे पाणी मुरतंय ते ओळखता येईल.

यासाठी प्रत्येक विद्येतला पुरावा वेगळा असतो, हे समजून घ्यावं लागतं, आणि तिथेच माणसं अडतात. रानात काम करणारा शिकतो की ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. प्रयोगशाळेतला पहिल्यांदा विचारतो, पूड नसलेले पक्षी कुठे आहेत? त्या १३ पक्ष्यांशिवाय त्या २५ पक्ष्यांना अर्थ नव्हता. अर्थशास्त्रज्ञ विचारतो, हे घडलं नसतं तर काय झालं असतं? नीट पाहिलंत तर तिघंही एकच शंका घेत आहेत. पण ती घेण्याची रीत इतकी निराळी की एका बैठकीत तिघं एकमेकांना अडाणी समजतात. मी अशा बैठकांना बसलेली आहे. चहा येईपर्यंत कोणी कोणाचं ऐकत नाही.

नोकरीचं काय? खरं सांगते, अवघड आहे. जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ असं लिहिलेलं असतं आणि तुमचा विषय नेमका कशाशी संबंधित आहे हे छाननी करणाऱ्या कारकुनाला पटवता येत नाही. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं होतं, ‘बाई, तुम्ही नक्की कोण?’ मात्र तीस वर्षांपूर्वीची परिस्थिती आता नाही. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था तेव्हाही होती, आता बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हैदराबादला पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राची खास वन्यप्राण्यांसाठीची प्रयोगशाळा आहे. अर्थशास्त्रासाठी पुण्यात गोखले संस्था. या इमारतींमधलं अंतर मात्र तुम्हालाच चालावं लागतं. त्याचा अभ्यासक्रम नाही.

एक शेवटचं काम सांगते आणि थांबते. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या औषधांवरही जनावरांपुरती बंदी आली. म्हणजे डायक्लोफेनॅक गेलं तरी त्याची भावंडं येतच होती. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावच्या आसपास गावकऱ्यांनी गिधाडं सांभाळली आहेत. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं अलीकडे पेंच आणि ताडोबात आणून सोडली गेली. त्यांच्या अंगावर ट्रान्समीटर असतात. पक्षी कुठे उतरतो ते नकाशावर दिसतं. तो जिथे उतरतो त्याच्या जवळच्या तालुक्याच्या गावी जनावरांच्या औषधांची दुकानं आहेत. तिथे आज कोणतं वेदनाशामक सर्वांत जास्त खपतं? कितीला? मेलॉक्सिकॅम मागितलं तर दुकानदार काय म्हणतो? हे विचारायला परदेशी अनुदान लागत नाही. वही, एसटीचा पास आणि गिऱ्हाईक म्हणून काउंटरवर उभं राहायची तयारी लागते. तुमच्यापैकी ज्यांची ती असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत यावं. प्रश्नावलीचा कच्चा खर्डा मी बरोबर आणला आहे.